नायगारा तिकडे, नर-मादी इकडे

१८५७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर न्यूयॉर्कचे लोक पंचवीस सेंटचं तिकीट काढून एका धबधब्यासमोर उभे राहत होते. धबधबा कापडावरचा होता. फ्रेडरिक चर्च नावाच्या चित्रकाराने साडेसात फूट रुंद कॅनव्हासवर नायगारा रंगवला होता आणि त्यात एक धाडस केलं होतं. पुढे झाड नाही, खडक नाही, पाय टेकायला जमीनही नाही. बघणारा थेट पाण्याच्या काठावर. हे चित्र पुढे इंग्लंडला गेलं, तेव्हा समीक्षक जॉन रस्किनने त्यातलं इंद्रधनुष्य खिडकीच्या काचेतून पडलेल्या उजेडाचं तर नाही ना, हे तपासून पाहिलं, अशी गोष्ट सांगतात.

त्याच वर्षी आपल्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गच्या किल्ल्यात, चित्रं काढणारा एक इंग्रज अधिकारी कारभार बघत होता. किल्ल्यातून बोरी नदी वाहते, तिच्यावर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, तो बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाण्याचा पडदा डोळ्यांपुढून खाली जातो आणि अंगावरचा कपडा कोरडा राहतो. चर्चला जे रंगांनी साधायचं होतं, म्हणजे माणसाला धबधब्याच्या अगदी जवळ नेऊन सुरक्षित ठेवायचं, ते आपल्याकडच्या गवंड्यांनी अडीचशे वर्षं आधी दगडाने साधलं होतं. माझ्या लेखी तर नळदुर्गचं काम जास्त अवघड.

तुळजापूरची नायिका

त्या अधिकाऱ्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. लिव्हरपूलचा जन्म, पंधराव्या वर्षी मुंबईला आला, मग निजामाच्या चाकरीत गेला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांकडे सोपवला, तेव्हा टेलर इथला डेप्युटी कमिशनर झाला. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात धाडलं गेलं आणि १८६० मध्ये हा मुलूख परत निजामाकडे आला.

ठगांवरच्या त्याच्या १८३९ च्या कादंबरीने लंडन हादरवलं होतं, ते बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, दख्खनमधल्या त्याच्या रेखाचित्रांचं शिळाछापाचं पुस्तक लंडनमध्ये निघालं होतं, ते फारसं कुणाच्या कानावर नसतं. आणि १८६३ साली आलेल्या ‘तारा’ या कादंबरीची सुरुवात कुठे होते? तुळजापुरात, भवानीच्या देवळाच्या सावलीत. नायिका तिथल्या शास्त्रीबुवांची लेक.

जाता जाता माकणीकरांसाठी: नळदुर्गची बोरी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. माकणीच्या धरणात अडवलेली तेरणा मात्र मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. एकाच जिल्ह्यातला पाऊस दोन वेगळ्या महानद्यांना वाटला जातो!

एक चित्र, बारा हजार प्रेक्षक

अमेरिकेत हे निसर्गचित्रांचं वेड सुरू झालं ते टॉमस कोलपासून. १८२५ मध्ये तो हडसन नदीने वर कॅट्सकिलच्या डोंगरांत गेला, चित्रं करून आणली आणि ती न्यूयॉर्कमध्ये विकली गेली. त्याच्या वाटेने गेलेल्यांना पुढे ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणू लागले. नाव शाळेचं असलं तरी शाळा नव्हतीच. एका नदीच्या आसपास फिरणारे, एकमेकांना ओळखणारे चित्रकार, एवढंच. चर्च हा कोलचा शिष्य.

१८५९ मध्ये चर्चने ‘हार्ट ऑफ द अँडीज’ हे दहा फूट रुंदीचं चित्र एकटंच एका खोलीत मांडलं. खिडकीसारखी भलीमोठी लाकडी चौकट, दोन्ही बाजूंना पडदे. लोक नाटकाला नेतात तशा दुर्बिणी घेऊन आले आणि चित्रातली पानं न् पानं न्याहाळू लागले. तीन आठवड्यांत बारा हजारांवर माणसं तिकीट काढून आली. चित्र दहा हजार डॉलरला गेलं. हयात असलेल्या अमेरिकन चित्रकाराला तोवर इतकी किंमत कुणी दिली नव्हती.

हे चित्र गावोगाव फिरलं. सेंट लुईसला ते पुन्हा पुन्हा बघायला जाणारा एक तरुण बोटीवरचा वाटाड्या होता. त्याने १८६१ मध्ये भावाला पत्र लिहून चित्राचं कौतुक कळवलं. तो पुढे मार्क ट्वेन झाला आणि १८९६ च्या जानेवारीत मुंबईत उतरला. त्याचं नाव लक्षात असू द्या, अजून एकदा येणार आहे.

डुकराच्या फुग्यातून नळीत

उघड्यावर बसून तैलरंगात काम करायचं तर रंग न्यायचे कशात? पूर्वी ते डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून दोऱ्याने बांधत. टाचणीने भोक पाडायचं, दाबायचं आणि मग भोक बंद करत बसायचं. जॉन गॉफ रँड या अमेरिकन व्यक्तिचित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या चेपत्या नळीचं पेटंट घेतलं. चित्रकार स्टुडिओच्या बाहेर पडले त्यात या नळीचा वाटा फार मोठा आहे. सकाळी दात घासताना आपण जी दाबतो ती तिचीच धाकटी बहीण.

चित्र बघून झालेला कायदा

१८७१ मध्ये टॉमस मोरान हा चित्रकार आणि विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार सरकारी मोहिमेबरोबर यलोस्टोनच्या रानात गेले. तिथले गरम पाण्याचे फवारे, पिवळ्या दगडाची दरी, हे सगळं वॉशिंग्टनच्या पुढाऱ्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. मोरानची जलरंगचित्रं आणि जॅक्सनचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले गेले. १ मार्च १८७२ ला यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याच वर्षी मोरानचं बारा फुटी चित्र अमेरिकी काँग्रेसने दहा हजार डॉलर मोजून विकत घेतलं. चित्रकाराने रान वाचवायला हातभार लावला, याहून मोठी बक्षिसी कुठली?

आणि हा जॅक्सन? १८९० च्या दशकात जगभरच्या वाहतुकीची पाहणी करणाऱ्या एका मंडळासोबत तो हिंदुस्थानातही येऊन कॅमेरा लावून गेला. ते फोटो आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

मोरानची यलोस्टोनची चित्रं सामान्य घरांत पोचवली ती बॉस्टनच्या लुई प्रँगने, १८७६ मध्ये, रंगीत शिळाछापाने. इकडे तेच काम राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये घाटकोपरला छापखाना काढून केलं. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती मराठवाड्यातल्या कितीतरी देव्हाऱ्यांत पिवळी पडलेली दिसते, ती तिथून निघालेल्या छापांची पोरं-नातवंडं. रविवर्म्याची दहा चित्रं १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात होती आणि त्यांना पदकंही मिळाली.

पण माझ्या आवडीची गोष्ट पुढे आहे. रविवर्म्याच्या कितीतरी चित्रांत देवतेच्या मागे जे तळं, डोंगर, आभाळ दिसतं, ते अनेकदा त्याच्या धाकट्या भावाच्या हातचं असे. सी. राजा राजा वर्मा हा जातिवंत निसर्गचित्रकार होता. भावासोबत तो मुंबईत राहिला, प्रवासाच्या रोजनिशा लिहिल्या, १९०५ मध्ये गेला. सही मोठ्या भावाची, आभाळ धाकट्याचं. पुढच्या वेळी त्या चित्रांसमोर हात जोडाल तेव्हा नजर मागच्या डोंगरावरही जाऊ द्या.

अमेरिकेत युद्ध, मुंबईत नक्षी

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडचा कापूस इंग्लंडला जाईना. मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं आणि वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हे सुचेना. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सटोडिये बुडाले. पण त्या पैशातला काही भाग दगडात जिरला होता, तो टिकला.

प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला एकूण चार लाख रुपये दिले. त्यातून ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. टॉवर २८० फूट उंच, १८७८ मध्ये पुरा झाला, नाव प्रेमचंदांच्या आईचं. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही. टॉवरवर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत. ते घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक इंजिनिअरने. स्कॉटचं नाव प्रत्येक पुस्तकात सापडतं. मुकुंद रामचंद्रांचं पाठ करून ठेवा, टॉवरखालून जाताना मुलांना सांगायला बरं पडेल.

याच पैशाच्या लाटेवर सर जे. जे. कलाशाळेलाही काम मिळालं. शाळा मार्च १८५७ मध्ये सुरू झाली, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून. १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग शिल्पकाम शिकवायला आला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकरी-हमालांची शिल्पपट्टी त्याची. त्याच वर्षी ३० डिसेंबरला शाळेच्या आवारातल्या घरात त्याला मुलगा झाला, रुडयार्ड. मोगलीची गोष्ट त्या मुलाने पुढे लिहिली ती अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात बसून. व्ही.टी. स्टेशनच्या भिंतींवरची पानं, फुलं, मोर, माकडं ही जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातची. लोकलची घाई असली तरी एकदा मान वर करून बघा.

जमशेटजींवरून एक गार गोष्ट. न्यू इंग्लंडची गोठलेली तळी, जी तिथले चित्रकार हौसेने रंगवत, त्यांचा बर्फ करवतीने कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने विकायचा धंदा बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने काढला. १८३४ मध्ये तो बर्फ मुंबईला पोचला. जमशेटजींनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं आणि यजमानासकट सगळ्यांना सर्दी झाली, असं सांगतात.

दोन आगी

अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिलला नेमलं. वाघाच्या रानात, वटवाघळांच्या वासात त्याने जवळजवळ वीस वर्षं काढली. अजिंठा गावात त्याच्या प्रेयसीची, पारोची समाधी आहे, त्याची स्वतःची कबर भुसावळला. त्याची मोठी तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६ च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि बहुतेक सगळी जळाली.

मग १८७२ पासून जे. जे.चा जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागला. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे कॅनव्हास झाले. त्यात पेस्तनजी बोमनजीसारख्या तरुणांचा हात होता. हेही काम लंडनला गेलं. आणि १८८५ च्या जूनमध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाला आग लागली! शंभरावर चित्रं गेली.

ज्या चित्रांनी सह्याद्रीच्या कड्यात पंधराशे वर्षं काढली, त्यांच्या प्रती लंडनमध्ये पंचवीस वर्षंही सुखरूप राहिल्या नाहीत. अजिंठ्याची नक्षी मात्र वेगळ्या वाटेने घरांत शिरली. जे. जे.च्या जॉर्ज टेरीने १८७० च्या दशकात शाळेत कुंभारकामाची भट्टी लावली आणि सिंधमधल्या झिलईच्या मडक्यांवर अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या आल्या. आज ती ‘बॉम्बे स्कूल पॉटरी’ संग्राहक शोधत फिरतात.

न्यूयॉर्कमधली सागवानी खिडकी

आता या सगळ्या धाग्यांची गाठ जिथे बसते तो माणूस. लॉकवुड डी फॉरेस्ट, जन्म १८५०, न्यूयॉर्क. निसर्गचित्रकार, आणि गुरू कोण? नायगारावाला चर्च. १८७९ च्या सुमारास तो लुई टिफनी आणि कँडेस व्हीलर यांच्यासोबत घरं सजवण्याच्या धंद्यात आला. टिफनी काचेत वाकबगार, व्हीलर कापड आणि भरतकामात. डी फॉरेस्टने लाकूड आणि नक्षी आपल्याकडे घेतली. १८८१ मध्ये या मंडळींनी हार्टफर्डला एक घर सजवलं. मालक? मार्क ट्वेन.

१८८० मध्ये डी फॉरेस्टचं लग्न झालं आणि नवराबायको हिंदुस्थानच्या लांबलचक प्रवासाला निघाले. मुंबईत उतरून तो अहमदाबादला गेला, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. तिथल्या जुन्या हवेल्यांचे खांब, तोड्या, जाळ्या बघून तो थक्क झाला. कारागीर होते, पण त्यांना गिऱ्हाईक उरलं नव्हतं. १८८१ मध्ये त्याने मगनभाई हठीसिंग या जैन व्यापाऱ्याच्या भागीदारीत सुतारांचा कारखाना काढला. अहमदाबादेत सागवान कोरायचं आणि न्यूयॉर्कला पाठवायचं. पितळेच्या पत्र्यावर जाळी कापायची आणि तीही पाठवायची. लाहोरला तो जे. जे. सोडून गेलेल्या लॉकवुड किपलिंगला भेटला, दोघांची छान मैत्री जमली. हिंदी घरांच्या बांधणीवर १८८५ मध्ये त्याने पुस्तकही काढलं.

माल कुठे कुठे गेला ते बघा. हडसनकाठी ओलाना नावाच्या टेकडीवर चर्चने स्वतःसाठी इराणी थाटाचं घर बांधलं होतं. त्याच्या शेकोटीभोवती अहमदाबादचं कोरीवकाम बसलं. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या न्यूयॉर्कच्या वाड्यात एका आख्ख्या खोलीला सागवानाचा साज चढला. तो वाडा आता कूपर ह्युइट संग्रहालय आहे आणि ती खोली तशीच आहे. डी फॉरेस्टने स्वतःचं घर १८८७ मध्ये मॅनहॅटनच्या पूर्व दहाव्या रस्त्यावर, सात नंबरला बांधलं. दर्शनी भिंतीवर सागवानाची कोरीव खिडकी बाहेर काढलेली आहे. बर्फ, पाऊस, धूर खाऊन सव्वाशे वर्षांवर उलटली, कोरीवकाम अजून खणखणीत. न्यूयॉर्कला लेकाकडे, लेकीकडे जाणारे मराठी आईवडील आता कमी नाहीत. टाइम्स स्क्वेअर झाला की इथे एक चक्कर मारा. रस्त्यावरूनच दिसते, तिकीट नाही.

तेरणेकाठची चौकट, बिदरची माती

लाकूडकामाचा विषय निघाला की मला तेर आठवतं. माकणीला पोचण्याआधी तेरणा ज्या गावावरून येते ते तेर, गोरोबाकाकांचं. तिथल्या उत्तरेश्वराच्या विटांच्या मंदिराची कोरीव लाकडी चौकट आज तेरच्याच लामतुरे संग्रहालयात आहे. आपल्या हवेत, वाळवी आणि पावसाच्या मुलखात, इतक्या जुन्या काळचं लाकूड शिल्लक राहणं हीच मोठी गोष्ट. त्याच संग्रहालयात तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्तीही आहे. तिच्या जातकुळीची मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली सापडली. कलाकुसरीची निर्यात अहमदाबादच्या कारखान्याने सुरू केली असं कुणी म्हणालं, तर त्याला तेरला घेऊन जा.

आणि पूर्वेला बिदर. तिथे आणि भालकी-बसवकल्याणकडे मराठी बऱ्याच घरांत कानावर पडते. बिदरी भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. वर चांदीची तार किंवा पत्रा ठोकून नक्षी बसवतात. मग किल्ल्यातली जुनी माती नवसागराच्या पाण्यात कालवून भांड्यावर चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी काळी पडत नाही. किल्ल्याच्या ज्या कोपऱ्यांना वर्षानुवर्षं ऊन-पाऊस लागलेला नाही तिथलीच माती चालते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी होती. अमेरिकन आणि इंग्रज शोभाकलेवाले यंत्राच्या मालाला कंटाळून हाताच्या कामाकडे वळले, त्याला अशा वस्तूंनी मोठी चालना दिली.

गेंडा पुण्याचा, मुक्काम येलला

आपल्याकडे देखावे रंगवणारे सगळे परकेच होते का? मुळीच नाही. पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट पेशवाईतच, ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी मोजूनमापून काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढला. त्याची चित्रं आज अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

आणि मग कोल्हापूरचे आबालाल रहिमान. घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती लिहिण्याची परंपरा, म्हणजे हातात अक्षराची शिस्त आधीपासूनच. जे. जे.त शिकले, व्हाइसरॉयचं पदक मिळवलं, मुंबईत नाव आणि पैसा दोन्ही कमावता आले असते. ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थाच्या काठी राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. चर्चने अँडीज गाठला, मोरानने यलोस्टोन. आबालालांनी रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि कोटितीर्थाचं पाणी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवलं, बहुधा छोट्या कागदांवर, जलरंगात. त्यांच्या पाण्यात ठिपक्याठिपक्यांनी उजेड हलताना दिसतो. मराठी मुलखाच्या निसर्गचित्राचा पहिला मोठा धनी मी त्यांनाच मानतो. ते १९३१ मध्ये गेले, डी फॉरेस्ट पुढच्याच वर्षी, कॅलिफोर्नियात. आबालालांची चित्रं बघायची तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जा, आणि अंबाबाईच्या दर्शनाच्या घाईत तासभर तरी वेगळा काढा.